उणे सातचा अर्धा

सोमवार, जेवणाची सुट्टी

तीर्थरूप मामांस,

तुमच्या भाचीचा, म्हणजे घाईबाईचा, साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून सध्या तो कागदावरच आडवा घालते आहे, वाकता आलं की प्रत्यक्ष येऊन घालीन.) तुमचा गुडघा कसा आहे? आई सांगत होती की डॉक्टरांनी तुम्हाला रोज दोनशे पावलं चालायला सांगितली, आणि तुम्ही डॉक्टरांना विचारलंत की दोनशे पावलं कोणाची, तुमची की त्यांची, कारण दोघांच्या पावलात चार इंचांचा फरक आहे. डॉक्टर काय म्हणाले ते आईने सांगितलं नाही, पण तुम्ही डॉक्टर बदलल्याचं सांगितलं. मामींचे डोळे आता बरे असतील. नवीन चष्म्याने त्यांना घरातली धूळ दिसायला लागली आणि त्यामुळे तुम्हाला कामाला लागावं लागलं, हेही कानावर आलं. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. आईची सर्दी गेली, दादाची आली.

फोन का नाही केला, असं तुम्ही हे पत्र उघडताक्षणी मामींना विचारलं असणार. कारण फोनवर मी वाक्य सुरू करते, तुम्ही ते तुमच्या पद्धतीने संपवता, मग त्या संपवलेल्या वाक्यात चूक काढता आणि रागवता मला. पत्रात तुम्हाला मधे बोलता येत नाही. (बोलाल, पण मला ऐकू येणार नाही.) शिवाय मला जे सांगायचं आहे ते लांबलचक आहे, थोडं लाजिरवाणं आहे, आणि ते सांगताना तुमचा चेहरा समोर नसलेला बरा.

तर, मागे आपण सगळे जेवायला जमलो होतो तेव्हा तुम्ही मला विचारलं होतं, ‘तू नक्की करतेस काय?’ आणि मी, तोंडात घास असतानाच, ‘यंत्रांची परीक्षा घेते’ असं झोकात सांगितलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत, ‘आणि बरोबर उत्तरं कोण काढतं?’ त्यावर मी जे म्हणाले ते मला आठवतं, तुम्हालाही आठवत असणार, कारण त्यानंतर तुम्ही ताक न घेता उठलात. आता चौतीस वर्षं जमिनीची मोजणी केलेल्या माणसाला, ज्याने एका टोकाकडून मोजलेलं शेत दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मोजल्याशिवाय कधी कागदावर सही केली नाही, त्याला ‘तुम्हाला नाही कळायचं ते’ असं म्हणणं हे मला शोभलं नाही. पण त्या वेळी माझ्या नोकरीला तीनच महिने झाले होते, आणि तीन महिन्यांच्या नोकरीत माणसाला जेवढं सगळं कळतं तेवढं पुढे कधीच कळत नाही.

म्हणून आता नीट सांगते. आम्ही बनवतो तो कंपाइलर. माणसाने त्यातल्या त्यात माणसासारखं लिहिलेलं जे असतं, ते यंत्राला कळेल अशा हुकमांत उतरवून देणारा हा प्रोग्राम. आता हुकूम देण्याच्या दोन रीती. एक साधी: हे दोन आकडे घे, बेरीज कर; आता पुढचे दोन घे, बेरीज कर; असं सावकाश, एकेक. दुसरी व्हेक्टरची: आकड्यांची अख्खी रांगच उचल, आणि एका हुकमात सगळ्या रांगेची बेरीज कर. पोळ्या एकेक लाटण्याऐवजी सोळा पोळ्या एका झटक्यात लाटल्या जाव्यात, तसं. (मामींना हे सांगू नका, त्या मागतील तसलं लाटणं.) यात मेख अशी की प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची रांग वेगळी. कोणी चार आकडे एकदम उचलतो, कोणी आठ, कोणी सोळा, आणि प्रत्येकाची हुकमांची भाषाही निराळी. लिहिणाऱ्याने एकदाच लिहायचं, आणि कंपाइलरने प्रत्येकाच्या ताकदीप्रमाणे त्याची रांग बांधून द्यायची. उत्तर मात्र सगळीकडे तेच आलं पाहिजे, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. ते तसं येतं की नाही हे पाहणं हे माझं काम.

त्यासाठी आमच्याकडे एक खोली आहे, तिला खिडकी नाही पण तीन पंखे आहेत. तिथे चार यंत्रं मांडली आहेत. थोरला सोळा आकडे एकदम उचलतो आणि तसा रुबाबही दाखवतो. मधला आठ उचलतो आणि कधी कुरकुर करत नाही, त्यामुळे त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं (मधल्यांचं असंच होतं, हे दादाला विचारा). धाकटा नव्या जातीचा. तो किती आकडे उचलणार हे आधी सांगतच नाही, काम सुरू झाल्यावर जाहीर करतो, आणि आपण त्याचं लाडाने ऐकतो. आणि कोपऱ्यात, एका लाकडी स्टुलावर, आजोबा. आजोबा चारच आकडे उचलतो. काही हुकूम त्याच्याकडे रांगेने करायची सोयच नाही, तेव्हा कंपाइलरला ते काम त्याला एकेक करून द्यावं लागतं. सुरू झाला की घरघर करतो आणि थांबला की उसासा टाकतो. त्याची देखभाल करणारे आमचे वायरमन, वयाने तुमच्याएवढेच, त्याच्या जाळीतली धूळ रंगाच्या ब्रशने काढतात आणि आम्हा कोणाला हात लावू देत नाहीत. एकदा मी त्याच्या डोक्यावर चहाचा कप ठेवला, तर पुढचे आठ दिवस ते माझ्याशी फक्त नियमापुरतं बोलले.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नवीन चाचणी लिहायची म्हणजे आकडे द्यायचे आणि शेजारी अपेक्षित उत्तर लिहायचं. पण एकेका चाचणीत सदतीस सदतीस बेरजा असतात, आणि त्या कोण करत बसणार? म्हणून आमच्याकडे एक छोटा प्रोग्राम आहे. तो चाचणी थोरल्यावर चालवतो, आलेलं उत्तर उचलतो आणि ‘अपेक्षित उत्तर’ म्हणून शेजारी चिकटवून टाकतो. बस्स. मग तीच चाचणी पुन्हा थोरल्यावर चालवली की ती पास होते. (होणारच.) नंतर बाकीच्या तिघांवर चालवायची, ती तिथेही पास झाली की पडद्यावर हिरवी रेघ येते. मामा, तुम्ही आत्ता चष्मा काढून कपाळाला हात लावला असेल. जरा थांबा, अजून निम्मंही झालेलं नाही.

माझी नोकरी होती नऊ महिन्यांच्या बोलीवर. गेल्या शुक्रवारी मॅडम माझं कायम होणं की घरी जाणं ठरवणार होत्या. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या मुख्य. बोलतात कमी, आणि त्या गप्प झाल्या की आपणच आपले गुन्हे आठवून आठवून सांगायला लागतो. त्यांच्यापुढे काहीतरी करून दाखवायचं म्हणून मी आमच्या जुन्या चाचण्या चाळल्या, आणि मला दिसलं की सगळ्या चाचण्यांतले आकडे शून्याच्या वरचे आहेत. उणे आकडा एकही नाही! आणि आमचा एक ग्राहक तर औषधं थंड ठेवायच्या पेट्यांसाठी तापमापक बनवतो, त्याचं सगळं आयुष्यच शून्याखाली चाललेलं. मी हुरळून गेले. दोन दिवसांत चाळीस नव्या चाचण्या लिहिल्या: दोन रांगा घ्या, जोडीजोडीने सरासरी काढा, अपूर्णांक टाकून द्या. सगळीकडे भरपूर उणे आकडे पेरले. तो छोटा प्रोग्राम चालवला, थोरल्याची उत्तरं चिकटवली. मधल्यावर लावल्या, हिरवं. धाकट्यावर लावल्या, हिरवं. आजोबावर लावल्या, चाळीसच्या चाळीस लाल. एका चाचणीत मोजून पाहिलं: सदतीसपैकी नऊ उत्तरं वेगळी.

मामा, तुमच्या डोक्यात काय येईल ते मला माहीत आहे. माझ्या डोक्यात आलं ते असं: तिघे एक बोलतात आणि म्हातारा एकटा वेगळं बोलतो, तेव्हा म्हातारा चळला. एवढंच. मी एकही बेरीज स्वतः केली नाही. नऊच उत्तरं होती, एका चहात झाली असती. त्याऐवजी मी अकरा पानांचा अहवाल लिहिला, त्यात तक्ते घातले, एक आलेख काढला (आजोबाची रेघ लाल रंगात, खाली खाली जाणारी), आणि शेवटी शिफारस केली की सदर यंत्र विश्वासार्ह राहिलेलं नसल्याने काढून टाकावं. ‘सदर’ हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वापरला आणि मला फार भारी वाटलं. मॅडमनी अहवाल वाचला, एका पानावर जरा थांबल्या, मग म्हणाल्या, ‘चांगलं काम आहे.’ त्यांच्या तोंडून हे वाक्य निघाल्याचं ऐकून शेजारच्या टेबलावरच्याने मान वळवून बघितलं. मी त्या दिवशी घरी जाताना दोन थांबे आधीच उतरले आणि चालत गेले, इतका आनंद झाला होता.

गुरुवारी सकाळी मी वायरमनकडे गेले आणि आजोबा बंद करायला सांगितलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला. ‘लेखी द्या,’ म्हणाले. मी म्हटलं, मॅडमची परवानगी आहे. ‘मग तीही लेखी द्या. आणि भंगाराचा फॉर्म भरा. तीन प्रती, शाईनं.’ असा एक फॉर्म आमच्याकडे आहे हे तोपर्यंत कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या कपाटात तो निघाला, आणि त्याच्यावरची तारीख बघता तो फॉर्म आजोबापेक्षाही वयाने मोठा असावा. मी तिथेच स्टुलाशेजारी पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसून भरायला घेतला. यंत्राचा क्रमांक, भरला. खोली, भरली. ‘दोषाचे स्वरूप, एका उदाहरणासह.’ हे तर सोपंच होतं. माझ्या चाचणीतली पहिली वेगळी जोडी घेतली: उणे दहा आणि तीन. बेरीज उणे सात, तिचा अर्धा. मी झरझर लिहिलं, ‘उणे सातचा अर्धा काढताना सदर यंत्र उणे तीन असे चुकीचे उत्तर देते. बरोबर उत्तर उणे’

आणि इथे पेन थांबलं. बरोबर उत्तर म्हणून थोरल्याने दिलेलं उणे चार लिहायचं होतं. पण शाईने लिहायचं म्हटलं की माणूस एकदा मनात म्हणून बघतो ना? तसं मी म्हणून बघितलं. उणे सातचा अर्धा उणे साडेतीन. अपूर्णांक टाकून द्यायचा, म्हणजे अर्धा गेला. राहिले उणे तीन. पुन्हा केलं. पुन्हा उणे तीन. मग मी तुमच्यासारखी बोटाने जमिनीवर रेघ मारली (तुम्ही विहिरीची खोली समजावून सांगताना मारता तशी) आणि म्हटलं, ही शून्याची खूण, याच्या खाली साडेतीन फूट, तिनावरचा अर्धा फूट सोडून द्या म्हटलं तर कोणता शहाणा माणूस चार फूट सांगेल? आमच्या तिघा शहाण्यांनी सांगितलं होतं. झालं होतं असं की अर्धा करायची एक चलाख युक्ती असते, आकडा आतल्या आत एक घर सरकवायची. वरच्या आकड्यांना ती चालते, उण्यांना खाली ढकलते. आमच्या कंपाइलरने रांगेचे हुकूम बांधताना तिन्ही यंत्रांना तीच युक्ती दिली होती. आजोबाला ती रांगेने झेपत नाही, म्हणून त्याला एकेक भागाकार करायला दिला होता, आणि त्याने तो निमूटपणे बरोबर केला होता. चाळीस वेळा. आणि मी त्याच्या विरुद्ध अकरा पानं लिहिली.

माझी पाचावर धारण बसली. वायरमन बाजूला उभे होते, त्यांना काही कळलं असेल की नाही देव जाणे. ते एवढंच म्हणाले, ‘शाई संपली का?’ मी मानेनंच नाही म्हटलं. मामा, खरं सांगते, त्या खोक्यावर बसून मी दहा मिनिटं वाईट विचार केला. शुक्रवार दुसऱ्याच दिवशी होता. उणे चार लिहून सही केली असती तर कोणाला कळलं नसतं. आजोबा भंगारात गेला असता, लाल रंगच उरला नसता, आणि मी कायम झाले असते. पण सोमवारी तो कंपाइलर बाहेर जाणार होता, त्या तापमापकवाल्याकडेसुद्धा. त्याच्या पेटीतली सरासरी आहे त्यापेक्षा थंड दिसली असती. बाहेरून काटा ठीक आणि आत औषध कोमट. ते औषध कोणाच्या तरी दंडात जाणार. हे डोक्यात आल्यावर मग बसवेना. फॉर्म तसाच हातात घेऊन मी जिन्याने वर गेले (लिफ्टची वाट बघितली असती तर धीर सुटला असता) आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. अर्धवट वाक्यासकट.

त्यांनी ते वाक्य वाचलं. माझ्याकडे बघितलं. मग टेबलावरची पेन्सिल घेऊन कोपऱ्यात स्वतः उणे सातचा अर्धा काढला, आणि गप्प झाल्या. मी अर्थातच लगेच सगळे गुन्हे सांगून टाकले: की मी एकही बेरीज केली नाही, की उत्तरं थोरल्याची उचलली, की एकदा मी आजोबाच्या डोक्यावर चहा ठेवला होता. त्यांनी विचारलं, ‘जुन्या चाचण्यांची उत्तरं तरी कोणी हातानं काढली होती?’ आमच्याकडे कोणी केव्हा काय बदललं याची जन्मापासूनची नोंद असते, ती आम्ही दोघी मिळून मागे मागे चाळायला लागलो. माझ्या आधीच्याने प्रोग्रामने चिकटवलेली. त्याच्या आधीच्याने, तशीच. त्याच्या आधीचीने, तशीच. सहा वर्षं मागे गेलो. दर वर्षी कोणीतरी नवीन माणूस आलेला, त्याने नव्या चाचण्या लिहिलेल्या, उत्तरं यंत्राची चिकटवलेली, पडद्यावर हिरवं झालेलं. सगळ्यात तळाशी तो छोटा प्रोग्रामच सापडला, पहिल्यांदा लिहिलेला, आणि शेजारी लिहिणाऱ्याची एक ओळ: ‘उत्तरे सध्यापुरती यंत्रावरून घेतली आहेत, नंतर हाताने काढू.’ नाव मॅडमचं होतं. तारीख बघून त्या म्हणाल्या, ‘तेव्हा माझे पण नऊ महिने पुरे व्हायचे होते.’ आणि हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं. समोरचा एक दात किंचित वाकडा आहे, चांगला दिसतो.

शुक्रवार सरला. कंपाइलर आज बाहेर जायचा होता, तो गेला नाही. ज्याने ती सरकवायची युक्ती घातली होती त्याने ती काढली, आता तिघेही उणे तीन म्हणतात. आजोबा आहे तिथेच आहे, त्याच्या स्टुलाला वायरमननी खाली रबर लावलं आहे, आणि भंगाराचा फॉर्म त्यांनी परत कपाटात ठेवला आहे, ‘पुढच्या वेळेला’ म्हणाले, पण माझ्याकडे बघून. मला मॅडमनी घरी पाठवलं नाही. कायमही केलं नाही. एक काम पुरं व्हायचं आहे, ते झालं की ठरवू म्हणाल्या. ते काम काही एवढं विशेष नाही, त्याचा तुम्ही विचार करू नका. एकंदरीत दिवस चांगले आहेत. इतक्या मोठ्या चुकीनंतर मी जिवंत आहे आणि मला भूकसुद्धा लागते, यावरून पुढे सगळं नीट होईल असं वाटतं.

मामींना नमस्कार. गुडघा जपा, आणि पावलं तुमचीच मोजा.

तुमची भाची,
घाईबाई

ता. क. पाकिटात जो घडी घातलेला कागद निघाला आहे तो रद्दी नाही. त्यावर चौसष्ट गणितं आहेत. वर म्हटलेलं ‘विशेष नसलेलं काम’ ते हेच. मॅडमनी ठरवलं आहे की आमच्या मुख्य चौसष्ट चाचण्यांतल्या प्रत्येकी एका गणिताचं उत्तर माणसांनी हाताने काढायचं, तेही आमच्या इमारतीबाहेरच्या, आणि एकमेकांशी न बोलता. तुम्ही कॅल्क्युलेटर वापरणार नाहीच, पण तरी सांगते, वापरू नका. तसली अर्ध्याहून अधिक यंत्रं आमच्याच कंपाइलरमधून गेलेली आहेत. अपूर्णांक शून्याच्या बाजूला टाकायचा. प्रत्येक उत्तरासमोर काढणाऱ्याचं नाव लागेल, आणि ते नाव चाचणीसोबत कायमचं राहील. माझं राहील की नाही ते या कागदावर आहे. मघाशी ‘विचार करू नका’ म्हटलं ते खोटं होतं. करा, भरपूर करा.

ता. क. दुसरा. ही गणितं मीही सोडवली आहेत. तीन ठिकाणी माझं आणि यंत्रांचं उत्तर जुळत नाही. कोणती तीन ते सांगणार नाही, कारण सांगितलं तर तुम्ही तेवढीच दोनदा कराल. (माझी गणितं चुकू शकतात, मला सातवीत किती पडले होते ते तुम्हाला माहीत आहे, पण या वेळी मी तीनदा करून पाहिली, आणि तीनही वेळा तेच आलं.)

ता. क. तिसरा. त्या दिवशी जेवताना जे बोलले त्याबद्दल मला फार वाईट वाटतं. तुम्ही अगदी बरोबर प्रश्न विचारला होता. सहा वर्षांत आमच्याकडे तो कोणीच विचारला नव्हता.

ता. क. चौथा आणि शेवटचा. काढणारी माणसं दोन लागतात, म्हणून याच चौसष्ट गणितांचा दुसरा कागद मी वेगळ्या पाकिटात मामींच्या नावे पाठवला आहे. रागवू नका. पाचवीच्या सुट्टीत मी तुमच्याकडे होते तेव्हा तुम्ही जेवून फिरायला गेलात की मामी हात पुसून तुमच्या मोजणीचे कागद घेऊन बसायच्या, पेन्सिलने सगळी आकडेमोड पुन्हा करायच्या, आणि कुठे चुकलं असेल तिथे खोडून अगदी तुमच्या वळणाचा आकडा काढायच्या. मी बघितलं तेव्हा म्हणाल्या, ‘काही नाही गं, कागद नीट लावतेय.’ हे तुम्हाला कधी कळलं होतं की नाही, मला माहीत नाही, आता कळलं. मामींच्या पाकिटात मी गणितांखाली दोन ओळी जास्त लिहिल्या आहेत, त्या अशा: पेनने सोडवा. आणि शेवटी नाव लिहा, तुमचं.